थंड हाताचे इमामभाई

"सत्त्याण्णव डिग्री," स्नेहल म्हणाली. "आता अठ्ठ्याण्णव. चाचा, पडणार बघा बंद."

आणि पडलाच. पडदा काळा झाला, पंखे थोडा वेळ आधीच्या वेगानं फिरले आणि थांबले. फुलेवाडीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत एकदम शांतता झाली. खालच्या रस्त्यावरून गगनबावड्याची एसटी हॉर्न वाजवत गेली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते आणि चार वाजता स्नेहलची ऑनलाइन गेमची मॅच होती.

संगणकाच्या उघड्या पेटीपुढं मांडी घालून बसलेल्या इमामभाईंनी कपाळावरचा घाम बाहीला पुसला. "असू दे. तापलंय जरा. एप्रिल हाय, छताचा पंखासुद्धा गरम वारं टाकतोय. तू घाबरू नको. मी हाय न्हवं?"

हे 'मी हाय न्हवं' इमामभाईंचं ठरलेलं वाक्य. गेली पंधरा वर्षं ते ऐकून कोल्हापुरातली पोरं निर्धास्त होऊन घरी जात आली होती. इमामभाई शिकलगार म्हणजे शाहूपुरीतल्या बोळातला एक अरुंद गाळा, त्यात भिंतीला लावलेली पेटी, तिच्यात पन्नास प्रकारचे स्क्रू आणि त्यांतला हवा तो न बघता काढणारा हात. आजा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा, बाप स्टोव्ह दुरुस्त करायचा, आणि हे आधी टीव्ही आणि मग संगणक. गेम खेळणाऱ्या पोरांत त्यांचं खास नाव होतं. ही पोरं प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवतात आणि त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. वेग काय, कुणीही वाढवावा, चार आकडे बदलायचे असतात. पण पळवलं की तापतं, आणि तापलं की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी आधी हळू होतं आणि मग बंद पडतं. तो ताप बाहेर काढून देण्यातच खरी कारागिरी. इमामभाईंनी जोडलेलं मशीन वैशाखातही सत्तरच्या वर जात नसे. पोरं म्हणायची, चाचांचा हात थंड हाय.

आता त्या थंड हाताला घाम सुटला होता, कारण गेल्या दिवाळीपासून इमामभाईंना दिसेनासं झालं होतं. एकदम नाही. आधी कडेचं गेलं. शेजारी उभा माणूस बोलल्यावरच कळायचा. मग मधलंही धूसर होत गेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर ऑपरेशननं भागलं असतं, यात गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब दिले. इमामभाईंनी थेंबांची बाटली गाळ्यातच ठेवली आणि बायकोला, रोशनबीला, चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगितलं. स्कूटर भाच्याला देऊन टाकली आणि गुडघा दुखतो म्हणून केएमटीच्या बसनं हिंडू लागले. ही गोष्ट फुटली की संपलं, हे ते जाणून होते. डोळ्यांनी अधू माणसाच्या हाती आपलं मशीन कोण देईल? त्यांनी स्वतः तरी दिलं असतं का? आणि काम गेल्यावर इमाम शिकलगार नावाच्या माणसात शिल्लक काय राहणार, हे काही केल्या त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. ते डोळ्यांवाचून काम करत राहिले. चाललं होतं.

स्नेहलचा प्रोसेसर थंड ठेवणारा जुना कूलर कुरकुर करायला लागला होता. चार दिवसांपूर्वी त्यांनी तो काढून नवा मोठा बसवला. तांब्याच्या बुडाचा, त्यातून वर गेलेल्या सहा नळ्यांचा, चांगला वीतभर उंच. बसवल्यावर नेहमीसारखं दोन तास मशीन ताणून बघायचं, तर पडद्यावरचे आकडे काही लागेनात. मग ओव्हरक्लॉक न लावताच थोडा वेळ चालवलं, पंख्याच्या आवाजावरून ठीक वाटलं, शेवटी वेग वाढवून पेटी बंद केली. स्नेहल दोन दिवस चंदगडला मावशीच्या वास्तुशांतीला गेली होती. आज सकाळी आली, गेम लावला, आणि दहा मिनिटांत मशीननं मान टाकली.

"बघू, परत चालू कर," इमामभाई म्हणाले आणि त्यांनी पेटीत हात घातला. बोटं सवयीनं कूलरच्या नळ्यांवर गेली. वर स्नेहल आकडे वाचत होती. ऐंशी, अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव. इमामभाईंची बोटं नळ्यांवरच थबकली.

नळ्या गार होत्या.

प्रोसेसर उकळतोय आणि त्याला चिकटून बसलेलं तांबं गार? तीस वर्षं मुरलेल्या हातानं त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, ताप वर येतच नाही, कूलर नीट टेकलेला नाही. पण कूलर त्यांनी स्वतः बसवला होता. तो नीट बसला नसेल तर मग ते कशामुळं, याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि त्या उत्तराकडं जायचं नव्हतं. माणूस स्वतःच्या बोटांनाही कसा बनवतो बघा.

"सेन्सर खोटं बोलतोय," ते म्हणाले. "हात लाव की, नळ्या गार हाईत. एवढं तापलंच न्हाय."

स्नेहलनं हात लावून बघितला. तिचा विश्वास बसला. चाचा म्हणतायत म्हटल्यावर न बसायला काय झालं?

मग दीड तास इमामभाईंनी त्या मशीनला जे जे करता येतं ते सगळं केलं, फक्त करायचं ते सोडून. प्रोसेसरला जाणारं व्होल्टेज थोडं थोडं उतरवलं. स्नेहल आकडे बदलायची, ते सांगायचे. पाच मिनिटं बरं चाललं आणि पुन्हा नव्वदच्या वर गेलं. पुढच्या पंख्यांची जाळी काढून धूळ झटकली. गेमचं चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड जुनं, तेही ओव्हरक्लॉक केलेलं, त्र्याऐंशीवर तापलेलं. त्याची धग वर चढून प्रोसेसरला लागत असेल म्हणून कार्डाचे पंखे पूर्ण वेगात सोडले. खोलीत मिक्सर लावल्यासारखा आवाज भरला. स्नेहलच्या आई, आक्का, तो ऐकून स्वयंपाकघरातून आल्या आणि परिस्थिती बघून न सांगता आतला उभा पंखा उचलून घेऊन आल्या. तोही उघड्या पेटीवर लावला.

"शहाण्णव," स्नेहल म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

"ओव्हरक्लॉक काढून टाक सगळं. साधं चालू दे."

"साधं चालवून मॅच कशी खेळू, चाचा? हे कार्ड असं पण अडकत अडकत चालतंय."

"बघू तरी."

वेग उतरवला. तरीही ब्याण्णव. म्हणजे वेगाचा प्रश्नच नव्हता, एवढं आता पहिल्या दिवशीच्या शिकाऊ पोरालाही कळलं असतं. इमामभाईंनाही ते कळलं.  तरी त्यांनी ग्राफिक्स कार्ड काढून त्याची पट्टी पुसली आणि परत बसवलं. गरज नव्हती.

तीन वाजता स्नेहलचा फोन वाजला. धैर्यशील, तिच्या संघाचा कप्तान. त्याचं मशीन इमामभाईंचंच, आणि त्यानं जमवलेल्या साऱ्या पोरांचीही इमामभाईंचीच. या पाच जणांनी आजची मॅच जिंकली की पुण्याला अंतिम फेरी. दोन वर्षं स्नेहल या दिवसासाठी घासत होती. शाहूवाडीला दूध संकलन केंद्रावर कामाला असलेल्या वडिलांकडं तिनं मेपर्यंतची मुदत मागितली होती. मेनंतर मुकाट्यानं बँकेच्या परीक्षेचा क्लास.

"आम्ही चौघं ऑनलाइन आलोय," स्पीकरवर धैर्यशील म्हणाला. "तू कुठं हायस? चारनंतर पंधरा मिनिटं थांबत्यात, मग बदली खेळाडू आत घेत्यात. मी सांगून ठेवतो."

"येतो की. मशीन जरा तापतंय. चाचा हाईत इथं."

"चाचा हाईत? मग काय काळजीच न्हाय."

इमामभाईंनी मान खाली घातली. असं कौतुक कुणाच्या वाट्याला येऊ नये.

फोन ठेवून स्नेहल त्यांच्याशेजारी खाली येऊन बसली. बराच वेळ ती त्या कूलरकडं बघत होती. मग अगदी जपून म्हणाली, "चाचा, कूलर एकदा काढून बघू या का? खालची पेस्ट नीट लागली न्हाय की काय…"

"कूलर मी बसवलाय!"

इमामभाई एवढ्या जोरात ओरडले की आक्का दाराशी आल्या. स्नेहल मागं सरकली. "मी तसं न्हाय म्हणालो, चाचा," ती पुटपुटली. इमामभाईंना स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द तोंडातून गेला होता. त्यांनी पुन्हा धूळ झटकायला घेतली. झटकायला आता धूळ उरली नव्हती.

साडेतीनला नाक ओढल्याचा आवाज आला. स्नेहल रडत होती. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, खिडकीच्या उजेडात एक काळपट आकार तेवढा दिसत होता. पण ते ऐकून इमामभाईंच्या मनातलं काहीतरी ढासळलं. त्यांनी पेचकस उचलला आणि कूलरचे चारही स्क्रू सोडवले. काढायला दिसावं लागत नाही. पेचकस आपोआप खाचेत बसतो. वीतभर उंचीचा तो ठोकळा त्यांनी उपटून उलटा मांडीवर घेतला आणि प्रोसेसरचा ताप तांब्यात पोचवायला बुडाला लावलेली राखाडी पेस्ट खिशातल्या फडक्यानं पुसली. अंगठा फिरवला. गुळगुळीत.

सुटल्यासारखं वाटलं त्यांना. "हे बघ," ते मोठ्यानं म्हणाले, "आरशासारखं तांबं हाय. बुडात काय दोष न्हाय. नवीन पेस्ट लावतो, तेवढंच बघू."

त्यांनी पेस्टची नळी उघडली. आक्का दारातून पुढं आल्या होत्या. कंबरेवर हात ठेवून त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "ते तांबं न्हवं."

"काय?"

"तांबं असं चमकत न्हाय, भाई. चिंच-मीठ लावून रोज देवाची भांडी घासतो मी, तांबं मला कळतंय. ह्याच्यावर प्लॅस्टिक हाय की. आमच्या टीव्हीच्या रिमोटवर हाय तसलं. नवं ऱ्हावं म्हणून आमच्यात अजून काढलं न्हाय."

आणि त्यांनी नखानं कोपरा उचकटला. कूलरच्या बुडावरून पातळ पारदर्शक कागद सुटून आला, त्यावर लाल अक्षरांत काहीतरी छापलेलं. वापरण्यापूर्वी काढा, एवढंच असतं ते. खालचं खरं तांबं मंद, गुलाबीसर होतं.

 इमामभाईंनी त्या उघड्या तांब्यावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. स्नेहलनं घड्याळ बघितलं. "पावणेचार! चाचा, झालं की मग! आता बसवा. पाच मिनिटांचं काम हाय."

पाच मिनिटांचंच होतं. खरं म्हणजे चारच. या जागी इमामभाईंनी तोंड उघडायला हवं होतं. पोरी, मला दिसत नाही, तू लाव. एवढे सहा शब्द. मॅच वाचली असती. ते शब्द त्यांच्या जिभेवर आलेही होते. पण समोर आक्का उभ्या होत्या, प्लॅस्टिकचा तो कागद अजून त्यांच्या हातात होता, आणि नवं होतं म्हणून चुकून राहिलं असं अजून म्हणता येत होतं. चूक कुणाकडूनही होते. आंधळेपणा कुणाकडूनही होत नाही. इमामभाईंनी शब्द गिळले.

त्यांनी अंदाजानं पेस्टचा थेंब सोडला आणि कूलर वर ठेवला. स्प्रिंगवाले चार स्क्रू चार बारीक भोकांत एकाच वेळी धरावे लागतात. पूर्वी हे काम ते गप्पा मारत करायचे. चार दिवसांपूर्वी गाळ्यात एकट्यानं, कुणी बघत नसताना, याच कामाला पाऊण तास लागला होता. आता पहिला स्क्रू धरला तोवर दुसरा निसटला. कूलर सरकला, पेस्ट फासली गेली. पुन्हा काढला, पुसला, पुन्हा ठेवला. पेटीच्या आत काळोख आणि त्यांच्या डोळ्यांतही. एक स्क्रू आत टणकन पडला. ते बोटांनी चाचपडत राहिले.

"चाचा, मी लावू?" स्नेहलनं विचारलं. "उजेड धरतो, मला दिसतंय भोक."

"नको. तू हात लावू नको."

"पण चार वाजले…"

"तू हात लावू नको म्हणतोय न्हवं!"

स्क्रू सापडला. पुन्हा पडला. स्नेहल त्यांच्या बोटांकडं बघत होती. भोक इथं आणि पेचकस तिथं, बोटभर अंतरावर, पुन्हा पुन्हा. आक्काही बघत होत्या. हळूहळू दोघींच्याही ध्यानात येत गेलं, पण तोंडानं कुणीच काढलं नाही. फोन दोनदा वाजला, दोन्हीदा स्नेहलनं "दोन मिनिटं, दोन मिनिटं" म्हणून ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चार वाजून सतरा मिनिटं झाली होती आणि चारपैकी दोन स्क्रू लागले होते.

"घेतलं दुसऱ्याला आत," स्पीकरवर धैर्यशील ओरडत होता. "दोन वर्षं घासलो आपण आणि तू आजच्या दिवशी… काय केलीस मशीनला? चाचांचं मशीन असं बंद पडत न्हाय. तूच कायतरी सेटिंगात बोटं घातली असशील. बोल की!"

स्नेहलनं इमामभाईंकडं बघितलं.  "व्हय," ती म्हणाली. "म्हंजे… माझ्याकडनंच कायतरी…"

इमामभाईंनी पेचकस खाली ठेवला. पोरीचं सगळं त्यांनी घालवलं होतं, आणि ती त्यांना झाकायला निघाली होती.  आवाजाच्या दिशेनं त्यांनी हात पुढं केला, आणि फोन हाती लागेपर्यंत तो तसाच हवेत धरला.

"धैर्यशील, मी इमाम बोलतोय."

"चाचा? तुम्ही कशाला…"

"ऐक. पोरीची काय चूक न्हाय. कूलरच्या बुडाचं प्लॅस्टिक मी काढलं न्हवतं. मला दिसलं न्हवतं." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी आजवर स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं. "मला दिसत न्हाय, धैर्यशील. दिवाळीपासनं. आणि आत्ता हिनं लावतो म्हटलं, तरी मी लावू दिलं न्हाय. कळंल म्हणून. तुझं मशीन सोमवारी यायचं हुतं न्हवं? आणू नको. पोरांच्या ग्रुपवर टाक, इमामभाईकडं आता काम देऊ नका. मी सांगितलं म्हणून टाक."

 पलीकडून धैर्यशील "चाचा" एवढंच म्हणाला, आणि त्याला मॅचसाठी कुणीतरी हाक मारली.

इमामभाईंनी फोन स्नेहलकडं दिला, आणि पेचकसही दिला. "आता तू लाव. एकदम आवळायचं न्हाय. समोरासमोरचे दोन आधी, थोडे थोडे. मग दुसरे दोन. माझी बोटं ठोकळ्यावर राहू देत, सरकायला नको."

स्नेहलनं डोळे पुसले नाहीत. तशीच खाली बसली आणि लावायला लागली. चार मिनिटं लागली. दोघांनाही ती मोजल्यासारखी कळली.

मशीन सुरू केलं. ओव्हरक्लॉक परत लावला, व्होल्टेज पहिल्यासारखं केलं, पूर्ण ताण दिला. स्नेहल खुर्चीत पाठमोरी बसून पडद्याकडं बघत राहिली. गेम लावला नाही. लावून तरी कुणाशी खेळणार?

"अडुसष्ट," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. मग खुर्ची न वळवताच तिनं विचारलं, "आधी का न्हाय सांगितलं, चाचा?"

इमामभाईंना उत्तर शोधायचं नव्हतं, ते त्यांच्याजवळ होतं. पण या पोरीपुढं ठेवण्यासारखं ते नव्हतं.  तिनं पुन्हा विचारलं नाही. राग तिच्या पाठीच्या ताठपणात होता, आणि तिचा तो हक्क होता.

आता इथं थांबायचं काही कारण नव्हतं. पण पुरते दोन तास ताणून बघितल्याशिवाय मशीन हातावेगळं करायचं नाही, हा त्यांचा नियम. शेवटच्या मशीनला तरी तो मोडायचा नव्हता. त्यांनी चाचपडत अवजारं गोळा केली, एकेक फडक्यात गुंडाळली आणि भिंतीला पाठ टेकून बसले. आता बघितल्याचं सोंग करायचं नव्हतं, म्हणून डोळे मिटून घेतले.

आक्का चहा घेऊन आल्या. स्नेहलचा कप त्यांनी टेबलावर ठेवला. इमामभाईंच्या पुढ्यात जमिनीवर जागा होती, तरी त्यांची कपबशी त्यांनी तिथं ठेवली नाही. त्या खाली बसल्या. त्यांनी इमामभाईंचा डावा तळवा उलगडून त्यावर बशी टेकवली, मग उजव्या हाताचं बोट धरून कपाच्या कानात नीट अडकवलं.

"गरम हाय, भाई," त्या म्हणाल्या. "सावकाश."

इमामभाईंनी मान हलवली आणि हात मागं घेतला नाही.